चुंबक, तार आणि शिसव

अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलमझू नावाच्या गावी गिब्सन कंपनीच्या कारखान्यात १९५८ ते १९६० या तीन वर्षांत लेस पॉल स्टँडर्ड नावाची जी विद्युत्-गिटार तयार होत असे, जिची छापील किंमत अडीचशे ते पावणेतीनशे डॉलरांच्या घरात होती, आणि जिला मनाजोगे गिऱ्हाईक लाभेना म्हणून कारखानदारांनी १९६१ साली तिचा घाटच पालटून टाकला, त्याच गिटारीचा एखादा अस्सल नग आज बाजारात आला तर त्याचा सौदा काही लाख डॉलरांत पटतो. त्या तीन वर्षांतले नग सारे मिळून दीड हजारांच्या आसपास. मध्यभागी मधासारखा पिवळा आणि कडेकडेला लालसर होत जाणारा जो रंग कारागिरांनी त्यांवर फवारला, त्यातील तांबडा अंश कच्चा होता. उन्हात राहिलेल्या गिटारींचा रंग उडत गेला आणि प्रत्येकीची छटा निराळी झाली. कारखान्याच्या हिशेबी जो उघड दोष, तोच आज संग्राहकांच्या दफ्तरी गुण म्हणून नोंदला जातो. जुन्या वाद्याचे हे जे मोल वाढते, त्यात स्वराचा वाटा किती आणि केवळ दुर्मिळतेचा किती, याची वाटणी करून पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

असली चौकशी नागपुरात, आणि त्यातही धंतोलीत बसून का करावी, अशी शंका वाचकाला येणे स्वाभाविक आहे. आजची धंतोली म्हणजे इस्पितळे, औषधांची दुकाने आणि वाहने उभी करण्यास जागा शोधणारे रुग्णांचे नातलग. रामकृष्ण मठाच्या आवारात तेवढी जुनी शांतता टिकून आहे, आणि दोन इमारतींच्या बेचक्यात एखादा व्हरांड्याचा बंगला अजून तग धरून आहे. परंतु हावडा-मुंबई लोहमार्गावर नागपूर मधोमध वसले आहे ही गोष्ट संगीताच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही. या मार्गाच्या पूर्वेच्या टोकाला हवाईयन गिटारीची भारतातील राजधानी होती, पश्चिमेच्या टोकाला चित्रपटसंगीतातील गिटारीची. आणि दोन्हीकडचे स्वर मध्य प्रांताच्या या जुन्या राजधानीत आगगाडीने, ग्रामोफोनच्या तबकड्यांनी आणि १९४८ साली नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यानंतर रेडिओनेही येऊन पोचत. सीताबर्डी-धंतोलीच्या मध्यमवर्गीय घरांत संवादिनी आणि तबल्याच्या शेजारी क्वचित एखादी गिटारही भिंतीला टेकून उभी असे, ती या दुहेरी आवकेमुळे.

येथे एक ऐतिहासिक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. जगातील पहिली यशस्वी विद्युत्-गिटार ही मुळी छातीशी धरून वाजविण्याची नव्हतीच. ती मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवीत वाजविण्याची हवाईयन गिटार होती. जॉर्ज बोशाँ नावाचा वादक आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर नावाचा कारखानदार या दोघांनी १९३१-३२च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव अंगाचे, लांब दांड्याचे आणि वाटोळ्या पोटाचे जे वाद्य घडविले, त्याला लोकांनी तव्याचेच नाव दिले. तारांभोवती घोड्याच्या नालेसारखे दोन चुंबक आणि त्यांच्या मध्ये तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, एवढीच काय ती त्यातली नवलाई. तिचे पेटंट १९३७ साली मंजूर झाले. या वाद्यामागून १९३६ची गिब्सन ई एस-१५०, १९५०-५१ची फेंडर टेलिकास्टर, १९५२ची लेस पॉल आणि १९५४ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर अशी वंशावळ वाढत गेली; परंतु मूळ पुरुष हवाईयनच.

आपल्या देशाने नेमका हाच मूळ पुरुष उचलला, यात नवल नाही. ज्या संगीताचा प्राण मींड आहे, त्याला पडद्यापडद्यावर थांबणाऱ्या वाद्यापेक्षा स्वरावरून स्वरावर अखंड घसरत जाणारे वाद्य अधिक जवळचे वाटावे, हे सरळच आहे. ताउ मो हा हवाई बेटांतील वादक १९४०च्या दशकात कोलकात्यास राहिला व त्याने तेथे शिष्य तयार केले. पुढे काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली, बटुक नंदी यांच्या तबकड्यांनी बंगालची घरे भरून गेली. मुंबईत व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या चाली याच वाद्यावर वाजविल्या, आणि १९५७ साली विविध भारती सुरू झाल्यावर दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी मिनिटे भरून काढण्याचे काम या तबकड्यांकडे आले. ज्यांनी आयुष्यात विद्युत्-गिटार डोळ्यांनी पाहिली नाही, अशा सहस्रावधी मराठी श्रोत्यांच्या कानांवर तिचा आवाज रोज पडत होता. शास्त्रीय मैफिलीत हवाईयन गिटारीला मानाचे आसन ब्रिजभूषण काब्रा यांनी मिळवून दिले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने त्यांची गिटार बोलते.

उभी गिटार आपल्याकडे आली ती चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून आणि मुंबईच्या तरुण मंडळींच्या वाद्यमेळांतून. भूपिंदर सिंग, गोरख शर्मा यांच्या बोटांतून निघालेले गिटारीचे आरंभीचे तुकडे आज नुसते गुणगुणले तरी श्रोता गाणे ओळखतो. १९७२ साली लेड झेपलिन या वाद्यमेळातील जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईस आले असता कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या लहानशा नृत्यगृहात त्यांनी स्थानिक वादकांच्या साथीने वादन केले, ही घटना त्या पिढीच्या आठवणींत अजून ताजी आहे. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे त्याच काळात ‘व्हेलव्हेट फॉग’ व ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या वाद्यमेळांतून गात होते, हे मराठी वाचकाला सांगितलेच पाहिजे. मात्र या साऱ्या उत्साहाच्या आड आयातीचा परवाना आणि जकात उभी होती. परदेशी गिटार म्हणजे कोणा बोटीवरच्या खलाशाने, कोणा नातलगाने अगर परत जाणाऱ्या परदेशी पाहुण्याने मागे ठेवलेली वस्तू. बाकीच्यांनी कोलकात्याच्या गिव्हसन, हॉबनर यांसारख्या देशी छापांवर भागवावे, किंवा सुताराकडून अंग, घड्याळजीकडून खुंट्या आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून वेटोळे असा सरंजाम जुळवावा, हा रिवाज.

असल्या देशी जातकुळीचे एक वाद्य धंतोलीतील एका जुन्या घरी पाहावयास मिळाले. काळ्या रंगाने रंगविलेला लाकडाचा लांबट ठोकळा, त्यावर उंच उचलून बसविलेल्या सहा पोलादी तारा, पडद्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या रेघा, कारण कांडीने वाजविण्याच्या वाद्यास पडद्यांची गरज नसते. तारांखाली जस्ताच्या पत्र्याची एक डबी, आणि दोन बोंडे, ज्यांपैकी एक मूळचे व दुसरे कोणा मर्फी-फिलिप्सच्या वंशातले, रेडिओवरून काढून बसविलेले. घरमालकीणबाई म्हणाल्या, “आता घरी वाजवणारं कोणी राहिलं नाही हो. पण उन्हाळा लागला की मी तारा ढिल्या करून ठेवते. हे सांगून गेले आहेत ना!” पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी वैशाखात ताणलेल्या तारा लाकडाचे काय करतात, हे त्यांच्या यजमानांना ठाऊक होते. पूर्वी हे वाद्य घरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला, पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी असलेल्या दोन भोकांतून जोडीत. आता एका लहान ध्वनिवर्धकाला जोडताच प्रथम ऐकू आली ती वीजपुरवठ्याची, सेकंदाला पन्नास आवर्तनांची घरघर. वाद्य मांडीवरच थोडे तिरके फिरविले की ती ओसरे, खोलीतील ट्यूबलाइटकडे तोंड केले की पुन्हा चढे. कांडी चवथ्या रेघेवरून सातव्या रेघेपर्यंत नेली तेव्हा मात्र जो स्वर निघाला, त्यात धातूची धार होती आणि तिच्यामागे एक सावकाश विरत जाणारा गोलवाही होता.

या घरघरीचा आणि त्या गोलव्याचा उगम एकच आहे. तारेखालचा चुंबक पोलादी तारेला किंचित चुंबकत्व देतो. तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरेडेच्या नियमानुसार वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. हेच वेटोळे आसपासच्या वीजवाहक तारांचे क्षेत्रही गोळा करते, म्हणून घरघर. गिब्सनमधील सेथ लव्हर या तंत्रज्ञाने १९५५ साली एकमेकांच्या उलट दिशांची दोन वेटोळी शेजारी ठेवण्याची युक्ती पेटंटासाठी दाखल केली. बाहेरची घरघर दोन्ही वेटोळ्यांत परस्परविरुद्ध येऊन मिटते आणि तारेचा स्वर तेवढा दुणावतो. पेटंट १९५९ साली मिळाले, पण १९५७पासूनच्या वेटोळ्यांखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची बारीक चिठ्ठी चिकटविलेली असे. त्या चिठ्ठीच्या तीन आद्याक्षरांनी आज ही वेटोळी जगभर ओळखली जातात, आणि नुसत्या जोडीला हजारो डॉलर मोजले जातात.

त्यांतील जादू शोधू गेले असता हाती लागते ती अगदी मानवी गोष्ट. वेटोळ्याची तार मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाइतकी जाड. तिचे प्रत्येक वेटोळ्यात सुमारे पाच हजार वेढे घ्यावयाचे, आणि आरंभीच्या यंत्रांवर वेढे मोजण्याची सोय भरवशाची नसल्याने नळी भरली असे दिसले की कामगार थांबे. कोणात वेढे अधिक, कोणात उणे; कोणात चुंबक एका मिश्रणाचा, कोणात दुसऱ्या. फेंडरच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यात १९५६ सालापासून वेटोळी गुंडाळणाऱ्या अ‍ॅबिगेल इबारा तार बोटांनी धरून नळीवर पुढेमागे नेत. ती एकसारखी न बसता विखरून बसे, आणि वेढ्यावेढ्यांतील या अंतरामुळे उच्च स्वरांची धार शाबूत राहते असे जाणकार मानतात. यंत्रवत् एकसारखेपणा आणण्याची कारखान्याची कुवत नव्हती, म्हणूनच एकाच दिवशी बनलेल्या दोन गिटारी दोन निराळ्या आवाजांत बोलतात. त्यांपैकी ज्या सामान्य होत्या त्या मोडीत गेल्या, ज्या नामी होत्या त्या कोणी जपल्या. साठ वर्षांनी आपण उरलेल्यांकडे पाहून जुने ते सारे सोने असा निष्कर्ष काढतो, त्यात या गाळणीचा हिशेब कोणी धरीत नाही.

आता लाकडाविषयी. फेंडरने १९५८-५९पासून गिटारीच्या मानेवर जी काळसर-जांभळी पट्टी चिकटविण्यास आरंभ केला, ती ब्राझीलच्या शिसवाची होती. साठीच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखली, आणि अमेरिकेतील कारखान्यांनी आपला मोहरा भारतीय शिसवाकडे वळविला. ज्या वृक्षाच्या लाकडाचे पलंग, देव्हारे आणि झोपाळे वऱ्हाड-नागपुराकडच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, आणि जो आपल्या विदर्भाच्या रानांतही वाढतो, त्याच जातीच्या लाकडावर जगातील असंख्य गिटारवादकांची बोटे फिरली आहेत, ही गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही. भारतीय कायद्याप्रमाणे शिसवाचा ओंडका अगर कापीव लाकूड बाहेर पाठविता येत नाही, तयार केलेला माल पाठविता येतो. गिटारीची पट्टी कितपत तयार असली म्हणजे तिला तयार माल म्हणावे, या मुद्द्यावर मोठा वाद माजला. २४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकी सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांनी नॅशव्हिल व मेंफिस येथील गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घालून भारतातून आलेले लाकूड जप्त केले. पुढील वर्षी तडजोड होऊन मादागास्करच्या आबनुसाबद्दल कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला आणि भारतीय लाकूड तिला परत मिळाले. २०१७च्या आरंभापासून शिसवाच्या झाडून साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आल्या; तयार वाद्यांना त्यातून सूट मिळावयास २०१९ची अखेर उजाडली.

एवढे असूनही लाकडाचा महिमा अतिशयोक्त आहे की काय, अशी शंका डॅनइलेक्ट्रो नावाची गिटार पाहिली की येते. पाइनच्या चौकटीवर दाबून बनविलेल्या लगद्याचे फळे ठोकून आणि ओठांना लावावयाच्या रंगाच्या धातूच्या नळ्यांत वेटोळी भरून ही गिटार बनत असे. सीअर्सच्या दुकानांतून ती अत्यंत किफायतशीर दराने खपे. तिच्या अंगात सांगण्याजोगे लाकूड नाही, आणि तरीही १९५९च्या सुमारास बनलेली अशीच एक गिटार जिमी पेजने आयुष्यभर जवळ बाळगली. याच कारखान्याने १९६७ साली कोरल नावाची विद्युत्-सतार बाजारात आणली. व्हिन्सेंट बेल या वादकाच्या कल्पनेतून उतरलेल्या या वाद्यात तेरा तरफांच्या तारा होत्या, परंतु खरी करामत होती ती घोडीत. सपाट रुंद घोडीला कंप पावणारी तार पुनःपुन्हा ओझरता स्पर्श करून जो झणत्कार उठविते, तो म्हणजे आपल्या सतारीची जवारी.

जवारीचे हे शास्त्र मराठी मुलखात मिरजेइतके अन्यत्र कोठेही जोपासले गेलेले नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तंतुवाद्ये बनविण्यास प्रारंभ केला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वास्तव्याने त्या गावाचा कान आणखी तयार झाला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचा कारागीर घोडीच्या पृष्ठभागावर कानस फिरवितो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस फिरवितो. तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा केसभर सरकविला की नाद मिटतो किंवा फुलतो. हे काम कोष्टकात बसत नाही. महत्त्वाचे म्हणजे, वाद्य वाजत राहिले की घोडी झिजते आणि जवारी पुन्हा लावावी लागते. म्हणजे चांगल्या तंबोऱ्याचा नाद ही वारशाने मिळून कुलुपात ठेवण्याची वस्तू नव्हे, ती वारंवार संपादन करावी लागते. जुन्या विद्युत्-गिटारीविषयी जी अद्भुत कथनाची प्रथा पडली आहे, तिला मिरजेच्या या व्यवहाराइतके चोख उत्तर दुसरे नाही.

बाजार मात्र निराळ्या न्यायाने चालतो. तेथे अव्वल मान कागदोपत्री पुराव्याला. जुन्या गिटारीचे पोट उघडून पारखी प्रथम पाहतो ती आवाज कमीजास्त करण्याच्या बोंडाखालची चकती. तिच्या कडेवर १३७६३१२ असे आकडे असले, तर १३७ ही बनविणाऱ्या कारखान्याची खूण, ६३ हे साल आणि १२ हा त्या सालातील आठवडा. अर्थात गिटार मार्च १९६३च्या आधीची असूच शकत नाही. मानेच्या मुळाशी पेन्सिलीने लिहिलेली तारीख, पडद्यांमधल्या टिपक्यांचा पदार्थ, डाग दिलेल्या जोडांवरची मूळची चमक, वरच्या लेपाला पडलेल्या बारीक भेगांची दिशा, अशी साक्ष एकामागून एक घेतली जाते. एखादी खुंटी बदललेली, एखादा जोड नव्याने डागलेला आढळला की किंमत उतरते. सबंध गिटार पुन्हा रंगविली असेल तर निम्म्यावर येते. जानेवारी १९६५मध्ये फेंडर कंपनी एक कोटी तीस लाख डॉलरांस सी बी एस या प्रसारणसंस्थेच्या ताब्यात गेली, म्हणून त्यापूर्वीची गिटार अस्सल आणि नंतरची दुय्यम, अशी एक सीमारेषाही बाजाराने आखून ठेवली आहे. जणू मालक बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी कारागिरांचे हातच बदलले.

याच बाजाराने स्वतःचाच न्याय मोडल्याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. पीटर ग्रीन या इंग्रज वादकाच्या १९५९च्या लेस पॉलमध्ये एका वेटोळ्यातला चुंबक उलटा बसला आहे. दोन्ही वेटोळी एकत्र चालविली की स्वर पोकळ, सानुनासिक होतो. दोष खरा, पण त्या दोषातून त्याने जे करुण स्वर काढले त्यांमुळे ती गिटार पुढे गॅरी मूर आणि २०१४नंतर कर्क हॅमेट या वादकांकडे मोठ्या मानाने गेली. दुसरे उदाहरण डेव्हिड गिल्मर या वादकाच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरचे. १९६९ची, म्हणजे तथाकथित दुय्यम काळातली ही गिटार. तिची मान, वेटोळी, वरचा फळा हे सारे तिच्या धन्याने कितीदा तरी बदलले. जून २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावगृहात तिला एकोणचाळीस लाख पंचाहत्तर हजार डॉलर आले, आणि गिल्मरने त्या लिलावाची रक्कम पर्यावरणाच्या कार्यास दिली. मूळचा एकही भाग न बदललेल्या आणि पेटीतून न निघालेल्या गिटारीपेक्षा, वाजवून वाजवून पालटलेल्या गिटारीचे मोल अधिक ठरले.

व्हायोलिनच्या बाबतीत तर २०१० साली इंडियानापोलिस येथे प्रत्यक्ष परीक्षाच झाली. एकवीस वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे चढवून तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिने वाजवावयास दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हारियसची होती. बहुसंख्यांनी नवे वाद्य पसंत केले, आणि सर्वांत कमी आवडलेले वाद्य एक स्ट्रॅडिव्हारियस निघाले. म्हणून जुन्या वाद्यात काही नसते, असा याचा अर्थ नव्हे. लाकूड वाळते, चुंबक अंमळ मवाळ होतो, वर्षानुवर्षांच्या हाताळणीने मानेच्या कडा बोटांना सोसतील अशा गोल होतात. हे फरक खरे आहेत, पण ते मासा-तोळ्याचे आहेत. स्वराचा मुख्य भार आजही वेटोळे गुंडाळणाऱ्याच्या, घोडी बसविणाऱ्याच्या आणि वाजविणाऱ्याच्या हातांवर आहे. किमतीचा मुख्य भार मात्र दुर्मिळतेवर व आठवणींवर आहे, आणि दोहोंची गल्लत करण्यात व्यापाऱ्याचे हित असले तरी श्रोत्याचे नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांस एक विनंती. धंतोलीतला असो की महाल भागातला, वाडा पाडून सदनिकांची इमारत उभारण्यापूर्वी माळ्यावरचे सामान जेव्हा खाली उतरेल, तेव्हा एखादी काळवंडलेली हवाईयन गिटार, सतार अगर तंबोरा भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याची घाई करू नये. तिला नवा रंग देऊ नये. जो भाग बदलावा लागेल तो बदलावा, पण काढलेला जुना भाग चिठ्ठी लावून पिशवीत जपून ठेवावा. तारा सैल करून, उन्हापासून आणि सांडलेल्या पाण्यापासून दूर ठेवावे, आणि कोणाकडून केव्हा घेतली याच्या चार ओळी लिहून पेटीत घालाव्यात. या चार ओळी पुढेमागे किमतीच्या कामी येतील. स्वर टिकवावयाचा असेल तर मात्र गल्लीतल्या कोणा शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला ते वाद्य आठवड्यातून एकदा वाजवावयास द्यावे. त्याला दुसरा उपाय नाही.